कव्वालीच्या तबकड्या आणि पुसलेली नावे

डोंबिवलीत काही वर्षांपूर्वी जुन्या रेकॉर्ड ऐकण्याची एक बैठक भरली होती. सभागृह लहान, माणसे साठ-सत्तर, बहुतेक निवृत्त. टेबलावर विजेवर चालणारा रेकॉर्ड प्लेयर आणि शेजारी चावीचा ग्रामोफोन, तो नुसता शोभेला. बालगंधर्व झाले, हिराबाई झाल्या, गजानन वाटव्यांचे भावगीत झाले. ज्याच्याकडे रेकॉर्ड असेल त्याने आणावी असा निरोप होता, म्हणून मीही कल्याणहून पिशवीत घालून एक नेली होती. अझीझ नाझाँची 'झूम बराबर झूम शराबी'. माझी पाळी आली तेव्हा यजमान हसून म्हणाले, "आता जरा मराठीच्या बाहेर जाऊ. एक पाहुणं गाणं ऐकू." सुई टेकली. थोड्याच वेळात मागच्या रांगेतून टाळी सुरू झाली आणि रेकॉर्ड संपेपर्यंत सगळे सभागृह टाळी देत होते. यजमानही देत होते. माणूस सज्जन, त्यांच्या मनात काही वाईट नव्हते.

परतीच्या लोकलमध्ये मात्र तो 'पाहुणं' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. यातले पाहुणे कोण? गाणारा मुंबईत जन्मलेला, मलबारी मुसलमान घरातला. गाणे पुढे आय. एस. जोहर यांच्या 'फाइव्ह रायफल्स' (1974) या चित्रपटात गेले आणि देशभर पसरले. ते लिहिणाऱ्या कवीचे नाव नाझाँ शोलापुरी. याच गायकाची दुसरी अजरामर कव्वाली 'चढता सूरज', तिचा कवी कैसर रत्नागिरवी. एकाच्या तखल्लुसात सोलापूर, दुसऱ्याच्या तखल्लुसात रत्नागिरी. मुंबई-कोकण-सोलापूर या त्रिकोणातून जे निघाले ते डोंबिवलीत पाहुणे कसे ठरते?

यजमानांवर राग काढून उपयोग नाही, कारण हाच प्रश्न आपल्यालाही विचारावा लागतो. 1990 साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण सातत्याने मांडत आलो की मराठी मुसलमानाचे जगणे मराठी साहित्यात आलेले नाही, ते आले पाहिजे. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आपण पुन्हा पुढे आणला, शाहीर अमरशेखांचा आपण अभिमान बाळगला. पण ज्या शहरात आपण हे सगळे बोललो त्याच शहराचे नाव तखल्लुसात बाळगणारा कवी देशाच्या पानटपरीपानटपरीवर ऐकू येत होता, त्याच्याविषयी आपल्या वार्षिकांतून, परिसंवादांतून किती लिहून आले? माझ्या वाचनात तरी फार थोडे. कव्वालीची रेकॉर्ड हा आपल्या वाङ्मयीन इतिहासाचा भाग आहे आणि तो आपणच वाऱ्यावर सोडला आहे, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे. बाकीचे ओघाने.

माझा कव्वालीशी संबंध मैफिलीतून आला नाही. तो आला भोंग्यातून. कल्याणला रेतीबंदरच्या बाजूला आमचे एक चाचा राहत. नात्याने कोणी नव्हेत, सगळ्या मोहल्ल्याचेच चाचा. दिवसा रेतीच्या पडावांचा हिशेब लिहीत आणि संध्याकाळी लाउडस्पीकर भाड्याने देत. दोन भोंगे, एक अहुजाचा ॲम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी, एक रेकॉर्ड प्लेयर, पिनांची पत्र्याची डबी आणि दोन लाकडी खोक्यांत रेकॉर्ड. 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या खालच्या खोक्यात, कारण त्या पडल्या की फुटत. 45 च्या लहान आणि 33 च्या मोठ्या रेकॉर्ड वरच्या खोक्यात, त्या फुटत नसत पण उन्हात ठेवल्या की पापडासारख्या वाकत. दूध नाका, कौसा, मुंब्रा गाव, खाडी ओलांडून साष्टी बेटावरच्या ठाण्याची राबोडी, भिवंडी आणि माघी पौर्णिमेला हाजी मलंगचा उरूस, एवढा त्यांचा मुलूख. ठाण्याला जायचे तर आम्ही दोघे पोरे खोकी घेऊन लोकलच्या सामानाच्या डब्यात. रेकॉर्ड थाळीसारखी दोन्ही तळव्यांत, कडेवर धरायची, बोट घळीला लागता कामा नये, हे मी वाचायला शिकण्याच्या आसपासच शिकलो.

आज ज्याला डीजे म्हणतात ते काम चाचा करत होते, फक्त शब्द वेगळा होता. लोक म्हणत, "रेकॉर्डवाल्याला सांगितलं का?" आणि लग्नघर दोन रेकॉर्डवाल्यांत निवड करी ती भोंग्याच्या आवाजावरून नव्हे तर कोण काय लावतो यावरून. चाचांचा क्रम ठरलेला असे. पहाटेच्या नमाजनंतर हम्द, मग नात. वरात येताना सेहरा. निकाहच्या खुत्ब्याला भोंगा बंद, कोणी सांगायच्या आधी बंद. जेवणावळीला मुकाबल्याच्या कव्वाल्या, म्हणजे युसुफ आझाद आणि रशीदा खातून यांचे सवालजवाब. त्यातले काही इतके सवंग की वडीलधारी मंडळी उठून जात; पण पोटभर बिर्याणी झालेली मंडळी बसून राहत हेही खरे. दुपारी शकीला बानो भोपाली, जानी बाबू, शंकर-शंभू. शंकर-शंभू हे हिंदू भाऊ, आणि ख्वाजा गरीबनवाजांची मन्कबत त्यांच्याच आवाजात लावा असा आग्रह धरणारी घरे आमच्या मोहल्ल्यात होती. रुखसतीला 'नीलकमल' (1968) मधले रफींचे विदाईचे गाणे. त्याला पर्यायच नव्हता.

या निवडीला मी समीक्षा म्हणतो. शंभर रेकॉर्डमधून वीस काढणे, त्यांना क्रम देणे, कुठली कुठल्या वेळी आणि कुठल्या गल्लीत लावायची नाही हे ठरवणे, ही कामे आपल्याकडे कवितासंग्रहांचे संपादक करतात आणि त्यांना पुरस्कार मिळतात. चाचा रेकॉर्डच्या कागदी पाकिटावर निळ्या पेन्सिलीने शेरे लिहीत, उर्दूत आणि मराठीत मिळून. 'उरूस, संदल निघताना.' 'मयत झालेल्या गल्लीत नको.' 'दुसऱ्या मिनिटाला सुई उडते, बोट ठेवणे.' आणि जवळजवळ प्रत्येक पाकिटावर कोपऱ्यात कवीचे नाव. ते लेबलवर असले तरी पुन्हा लिहीत. मी एकदा विचारले, कशाला? म्हणाले, "गाणारा आपलं नाव स्वतः घेतो. लिहिणाऱ्याचं कोण घेणार?"

आता कव्वालीच्या रूपाविषयी. मैफिलीतली कव्वाली आणि तबकडीवरची कव्वाली हे दोन वेगळे प्रकार आहेत हे आपण नीट ध्यानात घेतलेले नाही. मैफिलीत कव्वाल श्रोत्याकडे बघून गातो. एका मिसऱ्यावर कोणाची मान डोलली की तो मिसरा पुन्हा, मग पुन्हा, ही तकरार. मधेच दुसऱ्या कवीचा शेर आणून मूळ ओळीला जोडतो; ही गिरह. कोणाला हाल आला तर तो भानावर येईपर्यंत ती ओळ सोडायची नाही असा समाचा अदब आहे. दिल्लीत 1235 मध्ये ख्वाजा कुत्बुद्दीन बख्तियार काकी एका फारसी शेरावर हालात गेले आणि त्याच अवस्थेत त्यांचे निधन झाले, ही परंपरा प्रत्येक कव्वाल सांगतो. म्हणजे कव्वालीची लांबी कव्वाल ठरवीत नाही, श्रोता ठरवतो.

दहा इंची 78 च्या तबकडीने ही लांबी तीन-सव्वातीन मिनिटांवर आणली. सुरुवातीची आलापी गेली, गिरह गेली, तकरार दोनवेळची झाली. मुखडा पहिल्या काही सेकंदांत यावा लागला. लांब रचना दोन्ही बाजूंना 'भाग 1' आणि 'भाग 2' अशी चिरली गेली. जाणकार याला कव्वालीचा ऱ्हास म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटते. तबकडीने तकरार कव्वालाच्या हातून काढली खरी, पण ती नष्ट झाली नाही. ती रेकॉर्डवाल्याच्या हातात आली.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मलंगगडाच्या पायथ्याशी उरुसाच्या रात्री चाचांचा भोंगा लागला होता. (या गडाच्या नावावरून आणि जागेवरून 1980 च्या दशकापासून जो वाद पेटता आहे तो इथे विषय नाही, मी सांगतो त्या रात्री पायथ्याशी माळकरीही होते आणि मलंगही.) एक मन्कबत चालू असताना एका फकिराला हाल आला. रेकॉर्ड आपल्या गतीने पुढे निघाली. चाचांनी वाकून सुई उचलली, कंदिलाच्या उजेडात घळीकडे पाहिले आणि नेमकी त्याच ओळीवर टेकवली. ओळ संपली, पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली. चार वेळा, की पाच. फकीर बसला, कोणी त्याला पाणी दिले, मग चाचांनी रेकॉर्ड पुढे जाऊ दिली. मराठीत 'पिन अडकली' हा चेष्टेचा शब्दप्रयोग आहे. त्या रात्री पिन मुद्दाम अडकवली गेली आणि तो समाचा अदब होता. कव्वाल तिथे नव्हता. तो मुंबईच्या स्टुडिओत केव्हाच गाऊन मोकळा झाला होता. पण श्रोता होता आणि श्रोत्याकडे बघणारा एक माणूस होता. कव्वालीला तेवढे पुरते.

कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर 1950 च्या दशकात असेच लोक होते. किंग्स्टनच्या गल्ल्यांत मोठमोठे स्पीकर लावून अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्ड वाजवणारे. गरिबांना मैफिलीचे तिकीट परवडत नसे, रस्त्यावरची रेकॉर्ड परवडे. कॉक्सन डॉड हा त्यातला नामांकित. प्रतिस्पर्ध्याला गाणे कोणाचे हे कळू नये म्हणून हे लोक रेकॉर्डवरचे लेबल खरवडून काढत. डॉडने तर विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवादकाच्या एका रेकॉर्डला स्वतःचेच नाव देऊन ती वर्षानुवर्षे आपली म्हणून वाजवली. पुढे 1970 च्या दशकात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणगावांत सोल संगीताचे डीजे लेबलवर कागद चिकटवून खोटी नावे लिहीत. सोल म्हणजे रूह. चर्चमधल्या भक्तिगीताची चाल आणि आर्तता प्रेमगीतात आणली म्हणून 1954 मध्ये रे चार्ल्सवर धार्मिक लोकांनी टीका केली होती. दर्ग्यातली कव्वाली चित्रपटात गेली तेव्हा आपल्याकडे उठलेली टीका शब्दशः तीच होती. तिथल्या रेकॉर्डवाल्यांवर आज पुस्तके निघाली आहेत, चित्रपट निघाले आहेत. चाचा लेबल खरवडत नव्हते, उलट वर नाव लिहीत होते. त्यांच्यावर काही नाही.

नावाचा आणि तबकडीचा संबंध जुना आहे. 1902 मध्ये कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने गौहर जानच्या रेकॉर्ड केल्या. तेव्हा तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापून येत. तिथल्या कारागिरांना लेबल कोणाचे लावायचे ते कळावे म्हणून गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत आपले नाव पुकारी. आवाज आणि नाव एकाच घळीत. पुढे कंपन्या मोठ्या झाल्या, कॅटलॉग निघाले, आणि नाव कुठे छापायचे हे कंपनी ठरवू लागली. त्या कॅटलॉगांत मराठीच्या सदरात नाट्यगीते, भावगीते, लावण्या, अभंग. हम्द, नात, मन्कबत आणि बरीचशी कव्वाली एका वेगळ्या कप्प्यात, 'मुस्लिम डिव्होशनल'. हा कप्पा पाडणाऱ्यांना विक्रीची सोय हवी होती, दुसरा हेतू नसेल. परिणाम मात्र असा झाला की लावणी म्हटली की ती महाराष्ट्राची आणि कव्वाली म्हटली की ती मुसलमानांची. ती कोणत्या गावच्या मुसलमानांची हे विचारायचे कारणच उरले नाही. मुंबईत 1990 पासून रेकॉर्ड संग्राहकांची संस्था काम करते आहे, सुरेश चांदवणकर यांनी तिच्यासाठी आणि मराठी वाचकांसाठी तबकड्यांच्या इतिहासाविषयी निष्ठेने लिहिले आहे. त्यांचे ऋण मोठे आहे. पण कव्वालीचा कप्पा संग्राहकाने उघडावा आणि आपण बघत राहावे ही काही शोभणारी गोष्ट नव्हे.

'चढता सूरज'कडे वाङ्मय म्हणून पाहा. विषय सनातन आहे: सत्ता, दौलत, जवानी यांचा सूर्य चढतो तसा उतरतो. उर्दू काव्यात हे हजारदा येऊन गेले आहे आणि उर्दूच्या जाणकाराला या रचनेत नवे काही दिसत नाही. बंदिशही बांधीव गझलेची नाही. पण मराठी कानाने ऐका. एक ध्रुवपद ठेवायचे, मग एकेक दृष्टान्त आणायचा, सिकंदर आणायचा, त्याचे रिकामे हात दाखवायचे, आणि प्रत्येक दृष्टान्त संपला की श्रोत्यांना घेऊन ध्रुवपदावर यायचे. हे कीर्तन आहे. उत्तररंगातले आख्यान लावताना हरिदास जे करतो तेच इथे हमनवांच्या टाळीवर होते. अझीझ नाझाँची गाण्याची रीतही तशीच. मधेच ते गाणे सोडून जवळजवळ बोलू लागतात, बजावतात, मग अचानक वर उचलतात. रत्नागिरीच्या मुलुखात रात्ररात्र कीर्तने, नमनखेळे, मौलूद एका गावात शेजारीशेजारी चालत आले. त्या मातीतला कवी उर्दूत लिहितो तेव्हा भाषा उर्दू राहते आणि घडण इथली येते. हे माझे वाचन आहे. कोणी खोडून काढले तर मला आनंदच होईल, निदान चर्चा तरी होईल.

'झूम'विषयी मला एवढे कौतुक नाही. शराब हे प्रतीक सूफींनी वापरले, पण या रचनेत ते प्रतीक आणि बाटली यांच्यामध्ये सोयीने झोके घेते, आणि ऐकणाऱ्याला बाटलीच ऐकू येते. 1949 पासून दारूबंदीचा कायदा असलेल्या राज्यातले हे सर्वांत लोकप्रिय मद्यगीत असावे, ही गंमत वेगळी. पण तिची लय अचूक आहे. ढोलक, टाळी आणि वर बेंजो. हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. मुंबईच्या कव्वालीत तो असा बसला की पुढे गल्लीगल्लीतल्या बेंजो पार्ट्यांत आणि मिरवणुकांत तोच आवाज कानावर पडत राहिला. गणपतीत नाचणाऱ्या पोराला हे माहीत नसते. कवी आणि गायक दोघांच्या नावात 'नाझाँ' असल्यामुळे कित्येकांना ती एकच व्यक्ती वाटते. गायकाच्या नावात कवीचे नाव विरघळून गेले, त्यासाठी कोणाला लेबल खरवडावेही लागले नाही.

मग आपण याकडे पाठ का फिरवली? कारणे आपल्याच घरात आहेत. उर्दूच्या अदबी वर्तुळाला ही तुकबंदी वाटली. सुधारक मंडळींना, ज्यात मीही होतो, दर्गा म्हटला की ताईत आणि गंडेदोरेच आठवत, म्हणून कव्वालीही त्याच गाठोड्यात बांधून ठेवली. तबलीगच्या प्रभावाखाली आलेल्या घरांनी माळ्यावरचे ग्रामोफोन भंगारात दिले; वाद्य जायज की नाजायज हा वाद शतकानुशतकांचा, यंत्राबद्दलचाही नवा नव्हे, फोनोग्राफवर कुरआन ऐकावे का यावर 1900 मध्ये डच अभ्यासक स्नूक हर्गोन्ये यांनी निबंध लिहिला होता. आणि आम्ही मराठीत लिहिणारे? मराठीपण सिद्ध करण्याच्या घाईत उर्दूतले जे जे होते ते आम्ही दाराबाहेर ठेवले. पाहुणे म्हणणारे डोंबिवलीकर नंतर आले.

गंमत अशी की याच कल्याणात कव्वाली मराठी झाली आणि तिला मराठी करणारे आपण नव्हतो. आंबेडकरी जलशांच्या आणि जयंतीच्या मंचावर कव्वालीचा सामना रंगू लागला. दोन पार्ट्या समोरासमोर, सवालजवाब, हार्मोनियम, ढोलक, टाळी. भाषा मराठी आणि विषय बाबासाहेबांचा. विठ्ठल उमप यांनी ती गाजवली. कल्याणच्या शिंदे घराण्याचे प्रल्हाद शिंदे (निधन 2004) विठ्ठलाची गाणी, भीमगीते आणि कव्वाली एकाच पहाडी आवाजात गात, आणि त्यांच्या रेकॉर्ड चाचांच्या खोक्यात होत्या. 14 एप्रिलला चाचांचा भोंगा मोहल्ल्यात नसे, तो पलीकडच्या वस्तीत असे. त्या वस्तीने कव्वालीला बाजारू म्हटले नाही की बिदअत म्हटले नाही. तिला तिच्यात आपल्या रागाचे आणि आनंदाचे हत्यार दिसले आणि तिने ते उचलले. आपल्या साहित्यिक इतिहासात ही देवघेव एका परिच्छेदाचीही धनी नाही.

चाचांच्या भोंग्याचेही सगळे गोड नव्हते, हे सांगायला हवे. आमच्या कोकणी मुसलमानांच्या लग्नात बायका रात्ररात्र कोकणीत गाणी म्हणत. माझ्या आजीला त्यातली पुष्कळ येत. भोंगा लागला आणि त्या गाण्यांना जागा उरली नाही. हळदीच्या रात्री आजी ओट्यावर बसून ओठ हलवत असे आणि वर युसुफ आझाद ओरडत असत. तिची गाणी कोणत्याही कप्प्यात गेली नाहीत, 'मुस्लिम डिव्होशनल'मध्येही नाही.

पुढे कॅसेट आली. कॅसेटला सुई नसते, ओळ नेमकी पकडता येत नाही. मागे फिरवायची तर चिवचिवाट. घरोघरी टेपरेकॉर्डर झाले आणि चाचांचे बोलावणे कमी झाले. मग नुसरत फतेह अलींचा बोलबाला झाला, 'सूफी' शब्दाला मान आला, ठाण्याच्या नाट्यगृहांत महागड्या तिकिटांचे सूफी कार्यक्रम होऊ लागले. नुसरत थोरच. पण त्या प्रेक्षकाला पंजाबी न कळता चालते आणि शेजारच्या रत्नागिरवीचे नाव कानावर पडलेले नसते, हे मला खटकते. 2017 मध्ये 'इंदू सरकार' चित्रपटात 'चढता सूरज' पुन्हा आले, गाणारे मुज्तबा अझीझ नाझाँ. तरुण मुलांनी ते फोनवर उतरवून घेतले. फोनच्या पडद्यावर चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, कंपनीचे नाव. कैसर रत्नागिरवींचे नाव शोधावे लागते.

आता मिरवणुकीत डीजेची भिंत असते. ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आवाजाबाबत कडक आदेश दिले. 2024 च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाने म्हटले की हा आवाज गणेशोत्सवात घातक असेल तर ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्येही तितकाच घातक आहे. मला हे पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार आवाजाच्याही आधीची आहे. त्या भिंतीमागचा पोरगा समोरच्या माणसाकडे बघत नाही. बघायची सोयच नाही. सगळे आधीच जोडून आणलेले असते. खुत्ब्याला भोंगा बंद करणारा हात आणि मयतीच्या गल्लीत रेकॉर्ड न लावणारी आठवण त्या भिंतीत कुठे बसवणार?

चाचा 1999 साली वारले. खोकी त्यांच्या मुलाने ठेवून घेतली होती, खालच्या मजल्यावर, पलंगाखाली. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचे आणि खाडीचे पाणी कल्याणात शिरले, तेव्हा रेतीबंदरच्या बाजूची घरे छातीइतक्या पाण्यात होती. तिसऱ्या दिवशी चिखल काढताना खोकी निघाली. मुलगा म्हणाला, घेऊन जा, नाहीतर कचऱ्यात जातील. मी हातगाडीवर घालून आणली.

पाण्याने तबकडीचे फारसे बिघडत नाही. नळाखाली धरली, मऊ फडक्याने पुसली की घळीतला चिखल निघतो आणि ती वाजते, थोडी जास्त खरखरते एवढेच. कागदाचे तसे नसते. पाकिटांचा लगदा झाला होता. निळ्या पेन्सिलीचे अक्षर कुठेकुठे, एखादा 'नको', एखादा 'उरूस'. बऱ्याच रेकॉर्डवरून लेबलही चिखलाबरोबर निघून आले. माझ्याकडे अशा सव्वीस तबकड्या आहेत ज्यांवर मधोमध नुसता काळा गोल आहे. एकोणीस आवाजावरून ओळखल्या, काही जुन्या माणसांना ऐकवून. सात राहिल्या.

कव्वालीत कवीचे नाव शेवटी येते, मक्त्यात. म्हणजे 78 च्या रेकॉर्डमध्ये ते आलेच तर दुसऱ्या बाजूला, अगदी आतल्या घळीत, जिथे सुई सर्वांत जास्त झिजवते. या सातांपैकी पाचांत मक्ता गायलेलाच नाही, वेळ संपला असावा. एकीला तिथेच तडा आहे. सातवीत मक्ता आहे. कव्वाल तखल्लुस घेतो, हमनवा ते उचलतात, टाळी वाढते आणि त्या गलक्यात नावाचे शेवटचे अक्षर बुडते. मी ती राबोडीतल्या एका वृद्ध गृहस्थांना ऐकवली, ते म्हणाले थानवी. भिवंडीच्या एका उर्दू शिक्षकांना ऐकवली, त्यांनी दोनदा सुई मागे घ्यायला लावली आणि म्हणाले थानवी नव्हे, कल्याणवी असेल, नाहीतर मालेगावी. मी स्वतः ती शंभरेक वेळा ऐकली आहे. पहिले अक्षर 'क' आहे असे मला रात्री वाटते, सकाळी वाटत नाही. कोणाकडे हीच रेकॉर्ड लेबलासकट असेल तर या वार्षिकाच्या पत्त्यावर कळवावे; मी ती घेऊन येईन, दोन्ही शेजारी ठेवून वाजवू.